रशियन भाषेंतील षष्ठी विभक्ति



परकी भाषा शिकूं लागलेल्या माणसाला सुरवातीस जी खरी अडचण भासते, ती शब्दांची नसते. शब्द पाठ करतां येतात. दोन शब्द एकमेकांस जोडावे कसे, येथें गाडें अडतें. 'पुस्तक' हा शब्द कळला, 'भाऊ' हा शब्दही कळला. परंतु 'भावाचें पुस्तक' म्हणतांना त्या दोहोंमध्यें जो धागा येतो, तो प्रत्येक भाषेनें आपआपल्या रीतीनें विणलेला असतो. आपल्या मराठींत हा धागा म्हणजे चा-ची-चें हे प्रत्यय. रशियन भाषेंत हें काम मुख्यतः तिची षष्ठी विभक्ति करते. एका नामानें दुसऱ्या नामाचें वर्णन करण्याची ही रशियन रीत कशी आहे, तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

विषय व्याकरणाचा आहे एवढ्यावरून कोणीं कंटाळून जाऊं नये. टॉल्स्टॉय, चेखॉव्ह, गॉर्की हे लेखक मराठी वाचकाच्या घरीं आले, ते बहुतांशीं इंग्रजीच्या वाटेनें आले. त्या लांबच्या वाटेवर जें कांहीं गळून पडलें, त्यांत या विभक्तीच्या अनेक छटा आहेत. आणि मौज अशी कीं, ज्या छटा इंग्रजींत सहसा मावत नाहींत, त्यांपैकीं कित्येक मराठींत अगदीं सहज मावतात. तेव्हां हा प्रश्न केवळ पाठांतराचा नाहीं. आपल्या घरांत असलेलें धन आपण ओळखतों कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. आपल्याकडे ही विभक्ति सहावी, म्हणून ती षष्ठी. रशियन व्याकरणांत विभक्ति सहाच मानतात, आणि त्यांत हिचा क्रम दुसरा लागतो. तिला रशियन लोक 'रोदीतेल्नी' म्हणतात. 'रोदीत्' म्हणजे जन्म देणें. आईबापांना त्या भाषेंत 'रोदीतेली' असा शब्द आहे. तेव्हां 'रोदीतेल्नी' म्हणजे जनकविभक्ति असा अर्थ झाला. हें नांव ग्रीक आणि लॅटिन व्याकरणांतील शब्दांवरून बेतलेलें आहे. पाणिनीची दृष्टि याहून निराळी होती. क्रियेशीं ज्याचा साक्षात् संबंध येतो तें कारक. षष्ठींत संबंध येतो तो बहुधा नामाचा नामाशीं. म्हणून कारकांच्या पंगतींत तिला पाट मिळाला नाहीं, आणि इतरांचीं कामें वांटून झाल्यावर जें उरलें, त्या 'शेष' प्रदेशावर तिची नेमणूक झाली. एका परंपरेनें हिला जनक म्हटलें, दुसरीनें शेष म्हटलें. रशियन षष्ठीला हीं दोन्हीं वर्णनें लागू पडतात, असें पुढें दिसून येईल.

आतां तिचें रूप पाहूं. 'ब्रात' म्हणजे भाऊ; संस्कृत 'भ्रातृ' शब्दाचा हा जवळचा भाऊबंद आहे. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक. भावाचें पुस्तक म्हणावयाचें असल्यास रशियन मनुष्य 'क्नीगा ब्राता' असें म्हणतो. पुस्तक आधीं आलें, भाऊ मागून आला, आणि 'ब्रात'चें 'ब्राता' झालें, इतकेंच. 'सेस्त्रा' म्हणजे बहीण. 'क्नीगा सेस्त्री' म्हणजे बहिणीचें पुस्तक. पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांस एकवचनांत 'आ' किंवा 'या', आणि आकारान्त स्त्रीलिंगी नामांस 'ई' किंवा तिच्याजवळचा एक स्वर, हा सर्वसाधारण नियम. अनेकवचनांत पुष्कळशीं पुल्लिंगी नामें 'ओव्' हा प्रत्यय घेतात. 'क्नीगा'सारखीं नामें मात्र उलट आपला शेवटचा स्वरच टाकून देतात. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक, आणि नुसतें 'क्नीग' म्हणजे पुस्तकांचें! प्रत्ययाचा अभाव हाच येथें प्रत्यय होऊन बसला आहे. वास्तविक या ठिकाणीं पूर्वीं एक ह्रस्व स्वर होता, आणि तो संस्कृतांतील 'देवानाम्' या रूपांत जो 'आम्' आहे त्याच्याच गोत्रांतला होता. उच्चारांत तो झिजून नाहींसा झाला, तरी लेखनांत त्याची खूण शब्दाच्या शेवटीं कित्येक शतकें उभी होती. १९१८ सालीं अमलांत आलेल्या लेखनसुधारणेनें तीही पुसली गेली.

एकवचनांतील 'आ'ची कथा याहून मनोरंजक आहे. 'देवस्य', 'रामस्य' यांतील 'स्य' येथें कोठेंच आढळत नाहीं. भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, हा 'आ' मूळचा षष्ठीचा नव्हेच. तो पंचमीचा आहे. संस्कृतांत 'वृक' म्हणजे लांडगा, आणि 'वृकात्' म्हणजे लांडग्यापासून. रशियनमध्यें लांडग्याला 'वोल्क' म्हणतात, आणि लांडग्याचा या अर्थीं 'वोल्का' म्हणतात. शेवटचें व्यंजन गळालें आणि पंचमीचा स्वर षष्ठीच्या घरीं राहावयास आला. संस्कृत जाणणाऱ्यास याचें फारसें आश्चर्य वाटूं नये. कारण अकारान्त नामें सोडलीं, तर संस्कृतांतही एकवचनांत पंचमी आणि षष्ठी यांचें रूप बहुधा एकच असतें. 'अग्नेः' म्हणजे अग्नीपासून, आणि 'अग्नेः' म्हणजेच अग्नीचा. 'मातुः' म्हणजे मातेपासून, आणि मातेचाही. स्लाव्ह भाषांनीं हें ऐक्य अकारान्त नामांपर्यंत नेऊन पोंचविलें. म्हणूनच रशियनमध्यें 'ओत् ब्राता' म्हणजे भावाकडून, 'बेझ् ब्राता' म्हणजे भावावांचून, आणि 'स्तार्शे ब्राता' म्हणजे भावाहून वडील. या सर्व ठिकाणीं विभक्ति एकच. वस्तु कोठून निघाली हें सांगणारी पंचमी आणि ती कोणाची हें सांगणारी षष्ठी येथें एका पोशाखांत वावरतात. जनकविभक्ति हें नांव या दृष्टीनें अन्वर्थक ठरतें.

आतां शब्दांच्या क्रमाकडे वळूं. 'माझ्या भावाच्या मित्राच्या बहिणीचें पुस्तक' हें रशियनमध्यें सांगावयाचें झाल्यास 'क्नीगा सेस्त्री द्रूगा मोयेवो ब्राता' असें होतें. म्हणजे शब्दशः 'पुस्तक बहिणीचें, मित्राच्या, माझ्या भावाच्या'. आरशांत प्रतिबिंब उलटें दिसावें तशी ही माळ उलटी ओवलेली आहे. मराठी मनुष्य भाऊ, मित्र, बहीण अशा पायऱ्या चढत चढत शेवटीं पुस्तकापाशीं पोंचतो. रशियन मनुष्य पुस्तक आधीं हातीं देतो आणि मग त्याची वंशावळ सांगतो. भाषांतर करणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. रशियन वाक्यांत वाचकाच्या मनांत वस्तु पहिल्या शब्दाबरोबर उभी राहते. मराठींत तशीच लांब माळ ओवली, तर ती वस्तु येईपर्यंत वाचक थकून जातो. अशा वेळीं माळ तोडून दोन वाक्यें करणें हेंच शहाणपणाचें होय.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. मराठीचा षष्ठीप्रत्यय पुढच्या नामाकडे पाहून आपलें लिंगवचन बदलतो. भावाचा वाडा, भावाची शाल, भावाचें पत्र, भावाचीं पुस्तकें. रशियन 'ब्राता' मात्र अचल आहे. 'दोम ब्राता' म्हणजे भावाचें घर, 'क्नीगा ब्राता' म्हणजे भावाचें पुस्तक, 'पिस्मो ब्राता' म्हणजे भावाचें पत्र. पहिलें नाम पुल्लिंगी, दुसरें स्त्रीलिंगी, तिसरें नपुंसकलिंगी. पण भावाच्या रूपांत कानामात्रेचाही बदल नाहीं. याचा अर्थ असा कीं, आपलें 'भावाचा' हें रूप वागणुकीनें विशेषण आहे, आणि रशियन 'ब्राता' हें विभक्ति लागूनही नामच राहतें. पुढच्या साऱ्या विवेचनाची किल्ली येथें आहे.

षष्ठी केवळ मालकी सांगते असा समज असेल, तर तो प्रथम दूर केला पाहिजे. लेर्मोन्तोव्हची कादंबरी १८४० सालीं प्रसिद्ध झाली, तिचें नांव 'गेरोय नाशेवो व्रेमेनि', म्हणजे 'आमच्या काळाचा नायक'. काळ हा कांहीं त्या नायकाचा धनी नव्हे. काळानें त्या नायकाचें वर्णन केलें आहे. ही वर्णनात्मक षष्ठी रशियनमध्यें फार प्रचारांत आहे. 'चेलोवेक विसोकोवो रोस्ता' म्हणजे मोठ्या उंचीचा माणूस. 'झेन्श्चिना स्रेद्निख लेत्' म्हणजे मध्यम वयाची स्त्री. 'माल्चिक देस्याती लेत्' म्हणजे दहा वर्षांचा मुलगा. येथें एक सूचना. 'विसोकोवो', 'नाशेवो' या रूपांत शेवटीं 'व' ऐकूं येतो, पण लिहितांना तेथें 'ग'चें अक्षर लिहितात. नवशिका मनुष्य हमखास 'विसोकोगो' असें वाचतो.

या षष्ठीचा एक नियम लक्षांत घेण्याजोगा आहे. वर्णन करणाऱ्या नामाला बहुधा स्वतःचें असें एक विशेषण लागतें. 'रोस्त' म्हणजे उंची. परंतु 'चेलोवेक रोस्ता' असें कोणी म्हणत नाहीं. उंची प्रत्येकास असतेच. ती मोठी कीं लहान हें सांगितल्यावांचून वर्णन झालें कोठें? मराठींतही आपण 'वर्णाची मुलगी' असें म्हणत नाहीं, 'गव्हाळ वर्णाची मुलगी' असें म्हणतों. दोन्ही भाषांचा विवेक येथें तंतोतंत जुळतो. जें नाम स्वतःच गुणवाचक झालें आहे, त्याला मात्र या विशेषणाची गरज पडत नाहीं. 'चेलोवेक स्लोवा' म्हणजे शब्दाचा माणूस, दिलेला शब्द पाळणारा. 'देलो चेस्ति' म्हणजे प्रतिष्ठेची बाब. परंतु सावध! 'चेलोवेक देला' याचें अक्षरशः भाषांतर 'कामाचा माणूस' असें होईल आणि तें चुकेल. मराठींत कामाचा माणूस म्हणजे आपल्या उपयोगीं पडणारा. रशियनमध्यें त्याचा अर्थ बोलण्यापेक्षां करून दाखविणारा, कृतिशील माणूस असा आहे.

येथवर दोन्ही भाषा हातांत हात घालून चालल्या. यापुढें वाटा फुटतात. एका नामानें दुसऱ्याचें वर्णन करण्याचा रशियनमध्यें दुसराही एक मार्ग आहे, आणि तो म्हणजे नामापासून विशेषण बनविण्याचा. पुश्किनची कादंबरी १८३६ सालीं प्रसिद्ध झाली, तिचें नांव 'कापितान्स्काया दोच्का'. 'कप्तानाची मुलगी' असें आपण त्याचें भाषांतर करतों. परंतु पुश्किननें 'दोच् कापिताना' अशी षष्ठी वापरलेली नाहीं. 'कापितान्' या नामाला 'स्काया' हा प्रत्यय लावून विशेषण केलें आहे. फरक कोणता? 'दोच् कापिताना' म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत प्रश्न उठतो, कोणत्या कप्तानाची? त्या शब्दांमागें एक विशिष्ट मनुष्य उभा राहतो. 'कापितान्स्काया' म्हटलें कीं तो मनुष्य मागें सरतो, आणि मुलीचें घराणें, तिचा दर्जा, तिचें वळण पुढें येतें. दूरच्या एका किल्ल्यावरील साध्या लष्करी घरांत वाढलेली मुलगी, हें सारें त्या एका विशेषणांत सांठलें आहे.

मराठी श्रोत्यास हा भेद समजावून देण्यास फार दूर जावें लागत नाहीं. 'राजाची मुलगी' आणि 'राजकन्या' हे दोन शब्दप्रयोग आपण एकाच अर्थानें वापरतों काय? पहिल्यांत कोणी एक राजा आहे. दुसऱ्यांत राजा दिसेनासा होऊन मुलीचें राजकुलांतील असणें तेवढें उरतें. 'आईचें प्रेम' आणि 'मातृप्रेम' यांचेंही तसेंच. रशियनमध्यें 'ल्युबोव् मातेरि' म्हणजे आईचें प्रेम, आणि 'मातेरीन्स्काया ल्युबोव्' म्हणजे मातृप्रेम. पहिलें अमुक एका आईचें, दुसरें त्या जातीचें. सारांश, जेथें रशियन भाषा विशेषण वापरते, तेथें मराठीची षष्ठी चालते खरी. परंतु कित्येकदां आपला समास अधिक चांगला बसतो. इंग्रजींतून भाषांतर करणाऱ्यापुढें हा भेद क्वचितच येतो, कारण त्या भाषेंत पुश्किनच्या कादंबरीचें नांव साध्या षष्ठीनेंच रूढ झालें आहे. मूळ रशियन पाहणाऱ्या मराठी भाषांतरकारास 'कप्तानाची मुलगी' कीं 'कप्तानकन्या', असा खराखुरा विचार करतां येतो.

चेखॉव्हचें शेवटचें नाटक मॉस्को आर्ट थिएटरनें १९०४ सालीं रंगभूमीवर आणलें. 'चेरीची बाग' म्हणून जें आपण ओळखतों, त्याच्या मूळ नांवांतही षष्ठी नाहीं, विशेषण आहे. स्तानिस्लाव्हस्कीनें आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, चेखॉव्हनें प्रथम त्या विशेषणाच्या पहिल्या अवयवावर आघात देऊन 'वीश्नेवी साद' असें नांव सांगितलें, आणि पुढें आघात बदलून 'विश्न्योवी साद' असें केलें. स्तानिस्लाव्हस्कीला त्यांतील मर्म मागाहून उमगलें, तें असें: पहिली बाग उत्पन्न देणारी, व्यापाराची, दुसरी उत्पन्न न देणारी, केवळ फुलून शुभ्र दिसणारी, जुन्या वैभवाची. एका विशेषणाच्या उच्चारांत एवढें नाटक भरलेलें असतां, 'चेरीची' या आपल्या षष्ठीनें त्यांतलें किती पकडावें?

आतां मराठीच्या 'चा'चा खरा सोबती रशियनमध्यें कोठें भेटतो तें सांगतों. घरगुती बोलण्यांत रशियन माणसें 'मामा' म्हणजे आई, या शब्दापासून 'मामिन्' असें रूप करतात. 'मामिन् दोम', 'मामिना क्नीगा', 'मामिनो पिस्मो': आईचें घर, आईचें पुस्तक, आईचें पत्र. पाहा, हें रूप पुढच्या नामाप्रमाणें लिंग बदलतें. अगदीं आपल्या चा-ची-चेंप्रमाणें. जवळच्या नात्यांचे शब्द आणि लाडकीं नांवें यांनाच हें रूप आज विशेष शोभतें. परंतु पूर्वीं त्याचा अंमल फार मोठा होता, आणि त्याची साक्ष रशियन आडनांवें देत आहेत. 'इवानोव्' म्हणजे इवानचा. त्याच घरची स्त्री 'इवानोवा', म्हणजे इवानची. टॉल्स्टॉयची नायिका आन्ना हिच्या पतीचें आडनांव कारेनिन, म्हणून ती कारेनिना. तो शेवटचा 'आ' घडणीनें आपल्या 'ची'च्या जागीं आहे.

आणि महाराष्ट्राच्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या एका जुन्या रशियन प्रवाशाचें नांवही याच सांच्यांतलें आहे. पंधराव्या शतकांत त्वेर शहराहून निघालेला व्यापारी अफानासी निकीतिन समुद्रमार्गें चौल बंदरीं उतरला, पुढें जुन्नरास राहिला आणि बीदरपर्यंत गेला. 'निकीतिन' म्हणजे निकीताचा. निकीता हें त्याच्या पित्याचें नांव. चौलच्या लोकांनीं त्याला नांव विचारलें असेल, तेव्हां त्यानें आपली षष्ठीच सांगितली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

षष्ठीचा एक दोष दोन्ही भाषांत सारखाच आहे. 'रेपिनचें चित्र' म्हटलें, तर रेपिननें काढलेलें, रेपिनला दाखविणारें, कीं रेपिनच्या मालकीचें? रशियन 'पोर्त्रेत् रेपिना' हाही इतकाच संदिग्ध. इल्या रेपिननें १८८७ सालीं टॉल्स्टॉयचें एक प्रसिद्ध चित्र काढलें. त्याचा उल्लेख करतांना रशियन लेखक 'पोर्त्रेत् तोल्स्तोवो किस्ति रेपिना' असें म्हणतो. म्हणजे 'टॉल्स्टॉयचें चित्र, रेपिनच्या कुंचल्याचें'. मध्यें 'कुंचला' शब्द घालून चित्रकार आणि चित्रविषय यांची फारकत केली. प्रेमाच्या बाबतींत रशियन अधिक दक्ष आहे. 'ल्युबोव् मातेरि' याचा अर्थ आई जें प्रेम करते तें. आईवर आपण करतों त्या प्रेमाला षष्ठी न लावतां 'क्' हें अव्यय आणि चतुर्थी वापरून 'ल्युबोव् क् मातेरि' म्हणतात. मराठींत 'देशाचें प्रेम' म्हटलें, तर कोण कोणावर प्रेम करतो हें संदर्भावर सोडावें लागतें.

शेवटीं, मराठीच्या संवयीनें रशियनमध्यें षष्ठी घालूं नये अशीं कांहीं स्थळें. आपला 'चा' फार उदार आहे. तो सोन्यालाही लागतो आणि 'काल'लाही लागतो. सोन्याची अंगठी रशियनमध्यें 'झोलोतोये कोल्त्सो', म्हणजे विशेषणानें. कालचें वर्तमानपत्र 'व्चेराश्न्याया गाझेता', तेंही विशेषणानेंच. अण्णा भाऊ साठे यांच्या प्रवासवर्णनाचें नांव 'माझा रशियाचा प्रवास' असें आहे. मराठींत तें किती सरळ आणि गोड वाटतें! परंतु रशियन भाषेंत येथें साधी षष्ठी चालत नाहीं. रशियाकडे केलेला प्रवास कीं रशियांत हिंडून केलेला, हें ठरवून त्याप्रमाणें निराळें अव्यय आणि निराळी विभक्ति घ्यावी लागते. याच्या उलट, परिमाण सांगतांना रशियन षष्ठी घेतो आणि आपण ती टाळतों. 'स्ताकान चाया' म्हणजे पेलाभर चहा. 'किलोग्राम साखारा' म्हणजे किलोभर साखर. 'चहाचा पेला' असें भाषांतर केलें, तर मराठी वाचकाच्या हातांत रिकामा पेला यावयाचा! जातां जातां, ही 'साखार' म्हणजे आपली साखरच. संस्कृत 'शर्करा'पासून निघालेला तो शब्द ग्रीकांच्या वाटेनें तेथवर पोंचला, आणि आपल्याच ओळखीचा शब्द रशियन षष्ठीचा प्रत्यय लावून पुन्हा आपणांस भेटला.

तेव्हां, रशियन वाचतांना एक नाम दुसऱ्याला जोडलेलें दिसलें, कीं तीन प्रश्न विचारावे. हें दुसरें नाम विशिष्ट व्यक्ति दाखवितें, कीं गुण दाखवितें, कीं परिमाण? व्यक्ति दाखवीत असेल तर मराठीची षष्ठी; गुण दाखवीत असेल तर षष्ठी कीं समास याचा विचार; परिमाण असेल तर 'भर'. आणि नामाच्या जागीं विशेषण आढळलें, तर तें मुद्दाम निवडलेलें आहे असें समजून थोडें थांबावें. संस्कृतचा समास, प्राकृतांतून आलेला 'चा', आणि 'दगडी', 'लाकडी' यांसारखीं देशी विशेषणें, अशीं तीन साधनें मराठीच्या पदरीं आहेत. इंग्रजीचा आडपडदा दूर सारून कोणी मराठी तरुण किंवा तरुणी मूळ रशियन ग्रंथांकडे वळेल, तर या तीन साधनांचा उपयोग त्यांस पावलोपावलीं होईल, आणि आपल्या भाषेची ऐपत त्यांस नव्यानें कळेल. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.